संरक्षण आणि स्वपक्षमंडन : इंग्लंडमधील बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या इतिहासातील एक प्रकरण

इंग्लंडच्या पार्लमेंटने १९१३ साली 'मेंटल डेफिशिअन्सी ॲक्ट' संमत केला आणि १ एप्रिल १९१४ पासून तो अमलात आला. या कायद्यात 'मनोन्यून' व्यक्तींचे जे वर्ग पाडले आहेत त्यांच्या व्याख्या भाषेच्या अभ्यासकाने एकदा तरी लक्षपूर्वक वाचाव्यात. 'इडियट' म्हणजे नेहमीच्या शारीरिक धोक्यांपासून जो स्वतःचे रक्षण करू शकत नाही तो. 'इम्बेसाइल' म्हणजे ज्याला स्वतःचा व स्वतःच्या व्यवहाराचा सांभाळ करता येत नाही तो. 'फीबल-माइंडेड' म्हणजे ज्याला त्याच्या स्वतःच्या किंवा इतरांच्या रक्षणासाठी काळजी, देखरेख आणि नियंत्रण यांची आवश्यकता आहे तो. 'मॉरल इम्बेसाइल' हा चौथा वर्ग निराळ्या कारणांनी निर्माण झाला होता. त्याचा विचार येथे कर्तव्य नाही. पहिल्या तिन्ही व्याख्यांत बुद्धीचे वर्णन जवळजवळ नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वर्णन आहे ते रक्षणाचे. ज्याला स्वतःला राखता येत नाही, त्याला इतरांनी राखावयाचे. आणि राखणे व डांबून ठेवणे यांत कायद्याच्या दृष्टीने विशेष अंतर नव्हते.

प्रस्तुत निबंधाचा विषय या 'रक्षण' कल्पनेचा पुढील शंभर वर्षांतील प्रवास हा आहे. आज इंग्लंडमध्ये प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या स्थानिक मंडळांतून 'सेफगार्डिंग' हा शब्द रोजच्या वापरात आहे. सभासदावर कोणी अत्याचार करीत असेल, त्याचे पैसे लुबाडीत असेल, त्याची उपासमार करीत असेल, तर मंडळाने काय करावे, हा त्या शब्दामागील प्रश्न. परंतु ही मंडळे ज्या चळवळीतून जन्मास आली ती चळवळ मुळात रक्षणाच्याच नावाखाली झालेल्या बंदिवासाविरुद्ध उभी राहिली होती. तेव्हा मंडळाने आपल्या सभासदाचे रक्षण करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

परिभाषेविषयी प्रथमच थोडा खुलासा केलेला बरा. इंग्रजीत 'सेल्फ-ॲडव्होकसी' म्हणून जी कल्पना आहे तिला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. स्वतःची वकिली स्वतः करणे, असे म्हणता येईल. पण वकिली म्हटले की कोर्ट आणि फी डोळ्यांपुढे येते. आपल्या शास्त्रचर्चेत खंडन-मंडनाची जोडी जुनी आहे. तिच्या आधारे येथे 'स्वपक्षमंडन' असा शब्द योजिला आहे. तो सर्वांस रुचेलच असे नाही. 'बौद्धिक दिव्यांग' ही संज्ञा आजच्या शासकीय मराठीतील म्हणून स्वीकारली आहे. ऐतिहासिक संदर्भात मात्र त्या त्या काळचे कठोर शब्द तसेच ठेवले आहेत. ते सौम्य करणे म्हणजे पुराव्यात फेरफार करण्यासारखे होईल.

१९१३ च्या कायद्याची पार्श्वभूमी सुजननशास्त्राची होती हे सर्वश्रुत आहे. त्यापूर्वी १९०४ ते १९०८ या काळात जे रॉयल कमिशन बसले होते त्याच्या नावातच 'केअर अँड कंट्रोल', म्हणजे काळजी आणि नियंत्रण, ही जोडी होती. चेशायर परगण्यातील सँडलब्रिज येथे मेरी डेंडी या बाईंनी १९०२ साली जी संस्था उघडली तिचा हेतू 'कायमची' काळजी हा होता. मूल एकदा आत आले की त्याने प्रौढपणीही बाहेर जाऊ नये, हाच त्या योजनेचा गाभा. या बाई दुष्ट होत्या असे मानावयास कोणताही आधार नाही. बाहेरचे जग या मुलांना फसवील, भ्रष्ट करील, उपाशी मारील, ही त्यांची भीती बरीचशी खरी होती. परंतु या भीतीवरील उपाय म्हणून जगाला आवर घालण्याऐवजी मुलालाच जन्मभर जगापासून दूर ठेवण्यात आले. कायद्यातील एका कलमाने तर सरकारी गरीब-निधीतून मदत घेत असताना विवाहबाह्य अपत्यास जन्म देणारी 'मनोन्यून' स्त्रीही या व्यवस्थेखाली आणली. अशा किती स्त्रिया फसवणुकीच्या वा बलात्काराच्या बळी असतील याची कल्पना करणे कठीण नाही. अत्याचार झाला तिच्यावर आणि बंदिवासही तिलाच, हा प्रकार रक्षणाच्या नावाखाली झाला. पार्लमेंटमध्ये जोसाया वेजवुड यांनी या विधेयकास व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने कडवा विरोध केला. तो व्यर्थ गेला.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या 'नॅशनल काउन्सिल फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संस्थेने १९५१ साली एक पत्रक काढून पन्नास हजार माणसे कायद्याच्या संरक्षणाबाहेर असल्याचे जाहीर केले. १९५६ साली रुटी खटल्याचा निकाल लागला. अर्जदार स्त्री अनाथालयात वाढली होती व पुढे या कायद्याखाली तिला संस्थेत ठेवण्यात आले होते. तशी कारवाई करण्यासाठी ती व्यक्ती 'निराधार अथवा दुर्लक्षित आढळली' असणे कायद्याने आवश्यक होते. न्यायालयाने विचारले की, जी मुलगी सरकारी संस्थेच्या छत्राखाली राहत होती ती 'दुर्लक्षित' कशी? एका धातुसाधित विशेषणाच्या अर्थावर एका स्त्रीची सुटका झाली आणि त्या निर्णयामुळे इतर पुष्कळांच्या कोंडवड्याचीही फेरतपासणी करणे भाग पडले. पुढे १९५९ च्या मेंटल हेल्थ ॲक्टने १९१३ चा कायदा रद्द केला. कायदा गेला, पण इमारती राहिल्या आणि इमारतींबरोबर त्यांतील माणसेही राहिली. १९६७ साली कार्डिफच्या ईली रुग्णालयातील छळाच्या हकीकती एका वृत्तपत्राने छापल्या. जेफ्री हाऊ यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९७१ च्या श्वेतपत्रिकेने रुग्णालयांतून समाजात परतण्याचे धोरण जाहीर केले. ईलीच्या प्रकरणात वाचा फोडली ती एका कर्मचाऱ्याने. ज्यांच्यावर प्रसंग गुजरला त्यांची साक्ष त्या कथेच्या केंद्रस्थानी नव्हती. ती असावी असे त्या काळी फारसे कोणाला वाटले असेल असेही दिसत नाही.

याच सुमारास अन्यत्र एक निराळा प्रवाह सुरू झाला होता. स्वीडनमध्ये पालकांच्या राष्ट्रीय संघटनेचे काम पाहणारे बेंग्ट निर्ये यांनी तरुण बौद्धिक दिव्यांगांच्या क्रीडा व सहल मंडळांतून सभा चालविण्याचे शिक्षण सुरू केले. सूचना मांडणे, अनुमोदन देणे, मत घेणे, इतिवृत्त लिहिणे, असे त्याचे स्वरूप होते. प्रथमदर्शनी हे पोरखेळासारखे वाटते. परंतु १९७० साली माल्मो येथे भरलेल्या परिषदेत याच शिक्षणाचे फळ दिसून आले. तेथील प्रतिनिधींनी मागितले ते काय? फिरावयास जाताना मोठे तांडे नकोत, लहान गट हवेत. मुलांबरोबर नव्हे, आपल्या वयाच्या माणसांबरोबर राहावयाचे आहे. व्यवसाय निवडताना आम्हांला विचारा. आमची कुवत कमी लेखू नका. या मागण्यांत 'आमचे रक्षण करा' अशी मागणी नाही, हे लक्षात घ्यावे.

१९७३ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अशीच एक परिषद भरली. अमेरिकेतील ओरेगन राज्यातून काही जण तेथे गेले. तेथे बोलणारे बहुतेक व्यावसायिक तज्ज्ञच असल्याचे पाहून ते काहीसे निराश होऊन परतले. ८ जानेवारी १९७४ रोजी सेलम येथे त्यांची पहिली बैठक झाली. मंदबुद्धी म्हणून ओळखले जाण्याचा आपणांस कंटाळा आला आहे, आपण आधी माणसे आहोत, असे एका सभासदाने म्हटले, आणि त्यातून 'पीपल फर्स्ट' हे नाव निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑटर क्रेस्ट येथे भरलेल्या अधिवेशनास अपेक्षेहून कितीतरी अधिक, पाचशेंहून जास्त माणसे आली. या बैठका भरविणाऱ्यांपैकी अनेकांचा संबंध फेअरव्ह्यू या सरकारी संस्थेशी होता. हीच संस्था ओरेगनच्या सक्तीच्या वंध्यीकरणाचे एक प्रमुख केंद्र होती. राज्यात या कायद्याखाली २६०० हून अधिक व्यक्तींवर शस्त्रक्रिया झाल्या. त्याबद्दल गव्हर्नर किट्झहाबर यांनी २००२ च्या डिसेंबरात जाहीर क्षमा मागितली. फेअरव्ह्यू त्यापूर्वीच, २००० साली, बंद झाली होती. नाव निवडण्याची ती बैठक याच भूमीवर झाली हे विसरून चालणार नाही.

ब्रिटनमध्ये 'कँपेन फॉर द मेंटली हँडिकॅप्ड' या संघटनेने १९७२ साली रुग्णालयांत राहणाऱ्यांनाच बोलावयास लावणारी एक परिषद घेतली. पुढे १९८४ साली अमेरिकेतील टॅकोमा येथील आंतरराष्ट्रीय मेळाव्यास गेलेल्या ब्रिटिश मंडळींनी परत आल्यावर लंडनमध्ये 'पीपल फर्स्ट'ची स्थापना केली. या दोन तारखांच्या मध्ये एक छोटी घटना घडली. तिचे महत्त्व प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्हींहून कमी नाही.

१९७४ साली जोसेफ डीकन यांचे 'टंग टाइड' हे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले. सरे परगण्यातील कॅटरहॅमच्या सेंट लॉरेन्सेस रुग्णालयात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांना मेंदूच्या विकारामुळे स्नायूंवर ताबा नव्हता आणि त्यांचे बोलणे सहसा कोणाला समजत नसे. त्यामुळे त्यांची बुद्धी काय आहे हे पाहण्याची गरजच कोणास वाटली नव्हती. अर्नी रॉबर्ट्स या त्यांच्या मित्राला मात्र ते बोलणे समजे. डीकन बोलत, रॉबर्ट्स ते उच्चारून सांगत, मायकेल सँगस्टर लिहून घेत आणि टॉम ब्लॅकबर्न ते टंकलिखित करीत. चौघेही त्याच रुग्णालयाचे रहिवासी. वाक्य तयार होऊन कागदावर येईपर्यंत ते असे चार जणांतून जाई.

भाषाशास्त्रात आपण 'वक्ता' हा एक असतो असे गृहीत धरतो. उच्चार ज्याचा त्याचे ते वाक्य. या पुस्तकात मात्र वाक्याचा धनी एक, उच्चार करणारा दुसरा, लिहिणारा तिसरा. कोणी म्हणेल की मग ते डीकन यांचे कशावरून? या आक्षेपाचे उत्तर त्या चौघांच्या कार्यपद्धतीतच आहे: प्रत्येक शब्द परत डीकन यांच्याकडे जाई आणि ते तो मान्य किंवा अमान्य करीत. म्हणजे वाचा सामुदायिक, परंतु संमती वैयक्तिक. पुढे स्वपक्षमंडनाच्या मंडळांत 'साहाय्यक' म्हणून जी भूमिका निर्माण झाली तिचा शुद्ध नमुना येथे सापडतो, आणि तिच्यातील धोकाही येथेच दिसतो. रॉबर्ट्स मित्र होते म्हणून ठीक. दुभाषा जर नातलग असेल, पगारी नोकर असेल, किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची आहे तोच असेल, तर काय?

या प्रश्नास १९८० च्या दशकात थोडे शास्त्रीय उत्तर मिळू लागले. १९८१ साली कॅरल सिगेलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'होय-नाही' स्वरूपाच्या प्रश्नांना 'होय' म्हणण्याकडे उत्तर देणाऱ्यांचा कल असतो, इतका की परस्परविरोधी दोन प्रश्नांनाही 'होय' असे उत्तर येते, असे त्यांना आढळले. याचे स्पष्टीकरण केवळ बुद्धीत शोधणे चुकीचे होईल. ज्याचे सारे आयुष्य इतरांच्या मर्जीवर गेले त्याने 'नाही' म्हणावयास कधी शिकावे? मराठीत तर हा पेच अधिकच घट्ट होतो, कारण आपले बरेचसे प्रश्न 'ना' जोडून उत्तर आधीच देऊन ठेवतात. 'बरं आहे ना?', 'जेवलास ना?', 'त्रास नाही ना?' यांना निराळे उत्तर देणे म्हणजे विचारणाऱ्याचा अपमान करण्यासारखे वाटते. काही वर्षांपूर्वी पालकांच्या एका बैठकीस जाण्याचा प्रसंग आला होता. तिशी ओलांडलेल्या एका गृहस्थांना प्रस्तुत लेखकाने त्यांचे काम आवडते का, असे विचारले. त्यांनी तोंड उघडण्यापूर्वी शेजारी बसलेली आई म्हणाली, 'हो, त्याला खूप आवडतं, आवडतं ना रे?' आणि ते म्हणाले, 'हो.' आईच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या 'हो'चा पुरावा म्हणून काय उपयोग, हे न्यायालयातील कोणत्याही अनुभवी वकिलास विचारावे.

इंग्लंडमध्ये या विचाराला पुढे दोन फाटे फुटले. एक फाटा शब्दांपासून दूर गेला. मानसोपचारतज्ज्ञ शीला हॉलिन्स यांनी १९८९ पासून बौद्धिक दिव्यांगांसाठी केवळ चित्रांची, एकही शब्द नसलेली पुस्तके काढली. पहिली आईबापांच्या मृत्यूविषयी होती. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी निघालेली दोन लैंगिक अत्याचाराविषयी. चित्र पाहून वाचक आपल्या शब्दांत गोष्ट सांगतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचा शब्द त्याच्या तोंडी जात नाही. दुसरा फाटा न्यायालयात गेला. १९९९ च्या साक्षीपुराव्याविषयीच्या कायद्याने अशा साक्षीदारांसाठी पडदा, ध्वनिचित्रमुद्रित जबानी यांसारख्या विशेष सोयी केल्या आणि 'मध्यस्थ' नेमण्याची तरतूद केली. मध्यस्थाचे काम साक्षीदाराच्या वतीने बोलणे हे नव्हे. प्रश्न त्याला समजेल अशा रूपात आणणे व त्याचे उत्तर न्यायालयास समजेल अशा रूपात पोचविणे हे होय. पूर्वीच्या पिढीत असे साक्षीदार कोर्टाच्या पायरीवरच अपात्र ठरत आणि खटले तेथेच संपत, म्हणून ही सुधारणा तांत्रिक वाटली तरी लहान नव्हती.

आता मूळ शब्दाकडे वळू. २००० साली ब्रिटिश सरकारने 'नो सीक्रेट्स' या नावाने स्थानिक संस्थांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात संरक्षणास पात्र व्यक्तीसाठी 'व्हल्नरेबल ॲडल्ट' ही संज्ञा वापरली असून तिची व्याख्या अशी: जिला सामाजिक सेवांची गरज आहे किंवा असू शकेल, आणि जी स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, किंवा गंभीर हानी वा शोषण यांपासून स्वतःचे रक्षण करू शकत नाही, अशी प्रौढ व्यक्ती. १९१३ च्या 'इडियट'च्या व्याख्येशेजारी ही व्याख्या ठेवून पाहावी. त्या दोहोंमध्ये सत्त्याऐंशी वर्षे, दोन महायुद्धे, एक रद्द झालेला कायदा आणि एक उभी राहिलेली चळवळ आहे. परंतु 'स्वतःचे रक्षण करण्यास असमर्थ' हा नकारार्थी पदबंध जागचा हललेला नाही. धोका व्यक्तीच्या बाहेर आहे, असमर्थता मात्र व्यक्तीच्या आत दाखविली आहे. स्वपक्षमंडनाच्या मंडळांनी व इतर दिव्यांग संघटनांनी नेमका हाच आक्षेप घेतला. 'व्हल्नरेबल' म्हणजे 'ज्याला जखम होऊ शकते तो', आणि अशी जखम कोणालाही होऊ शकते. विधी आयोगाने २०११ मध्ये ही संज्ञा टाकून देण्याची शिफारस केली, आणि २०१४ च्या केअर ॲक्टमध्ये ती आढळत नाही. तथापि त्याच कायद्याचे बेचाळिसावे कलम वाचणाऱ्यास दिसेल की काळजी व साहाय्याच्या गरजांमुळे जी व्यक्ती अत्याचारापासून 'स्वतःचे रक्षण करण्यास असमर्थ' आहे तिच्याविषयी चौकशी करणे स्थानिक संस्थेवर बंधनकारक आहे. नाम बदलले, विधेय तेच राहिले. (योगायोग असा की हा कायदाही १ एप्रिल रोजीच अमलात आला, २०१५ साली.)

येथे एका गोष्टीचा इन्कार करून चालणार नाही. व्याख्येवर टीका करणे सोपे आहे. व्याख्येबाहेर राहिलेल्याचे काय होते हे पाहणे अवघड. कॉर्नवॉलमधील सेंट ऑस्टेल येथे २००६ च्या जुलैमध्ये एका बौद्धिक दिव्यांग गृहस्थाचा खून झाला. ते स्वतंत्र खोलीत राहत होते. त्यांच्या घरात घुसून बसलेल्यांनी त्यांचे पैसे घेतले, अनन्वित छळ केला आणि शेवटी त्यांना रेल्वेपुलावरून खाली पडावयास भाग पाडले. या माणसांना ते आपले मित्र मानीत होते. काही काळापूर्वी त्यांनी आपल्याला मिळणारी सरकारी मदतीची सेवा नको असल्याचे कळविले होते आणि ती बंद झाली होती. स्वतःचा निर्णय घेण्याचा त्यांचा हक्क मानला गेला होता. मार्गारेट फ्लिन यांनी २००७ साली सादर केलेल्या चौकशी-अहवालातून दिसते की पोलीस, आरोग्यसेवा व इतर खात्यांशी त्यांचा अनेकदा संपर्क आला होता, पण तुकडे कोणी जोडले नाहीत. 'नको' हा शब्द कोणाच्या दहशतीखाली उच्चारला गेला, हे विचारण्याची तसदी कोणीही घेतली नाही. माल्मोच्या प्रतिनिधींनी मागितलेले स्वातंत्र्य या प्रसंगी एका माणसाला एकटे सोडण्याचे निमित्त झाले, असे म्हणणे कटू असले तरी भाग आहे.

याच्या उलट बाजूचे प्रकरण ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयाचे. हे लोक मोकळे नव्हते; पूर्ण 'संरक्षणा'त होते आणि त्यासाठी सरकार आठवड्याला माणशी सरासरी ३५०० पौंड मोजत होते. ३१ मे २०११ रोजी बीबीसीने गुप्त कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये दाखविली, तेव्हा कर्मचारी रुग्णांना मारहाण करताना, फरपटताना, त्यांची कुचेष्टा करताना दिसले. अकरा जणांना २०१२ मध्ये शिक्षा झाल्या. फ्लिन यांच्याच दुसऱ्या अहवालाप्रमाणे २००८ ते २०११ या काळात स्थानिक संस्थेकडे या ठिकाणाविषयी ४० 'सेफगार्डिंग' सूचना आल्या होत्या आणि रुग्णांना ७८ वेळा अपघात-विभागात नेण्यात आले होते. प्रत्येक सूचना स्वतंत्र घटना म्हणून नोंदली गेली. रुग्णांनी सांगितले नव्हते असे नाही. त्यांनी आपल्या आईबापांस सांगितले होते. परंतु 'आव्हानात्मक वर्तन' असा शिक्का असलेल्या माणसाचे गाऱ्हाणे हे त्याच्या लक्षणांतच जमा होत असे. शिक्का मारण्याची ही क्रिया १९१३ च्या वर्गीकरणाची थेट वारस आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. इतरांचे मत निराळे असू शकेल.

या दोन प्रकरणांच्या कात्रीत स्थानिक मंडळ सापडलेले असते. एखाद्या गावातील सभागृहात आठवड्यातून एकदा दहा-पंधरा माणसे जमतात, चहा होतो, अध्यक्ष सभासदांतूनच निवडलेला असतो, आणि एक पगारी किंवा स्वयंसेवक साहाय्यक बाजूला बसलेला असतो. येथे सांगितलेले बाहेर जाणार नाही, हा या मंडळांचा सर्वसाधारण नियम. आणि मग एखादा सभासद चहाच्या वेळी हळूच सांगतो की ज्या घरी तो राहतो तेथील माणूस त्याचे पैशांचे कार्ड स्वतःकडे ठेवतो. नियम पाळावा, तर कॉर्नवॉलची पुनरावृत्ती होऊ शकते. नियम मोडून कळवावे, तर पुढील आठवड्यापासून तो सभासद काही सांगणार नाही. कदाचित त्याला घरच बदलावे लागेल, आणि जुन्या पिढीच्या अनुभवाप्रमाणे तक्रार करणारा हलविला जातो, तक्रारीस पात्र असलेला जागीच राहतो. ज्यांनी तारुण्य रुग्णालयांत काढले अशा सभासदांना 'कळविणे' या शब्दाचा अर्थ कोणी समजावून देण्याची गरज नसते.

चांगल्या मंडळांनी यातून जो मार्ग काढला तो भाषेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. गुप्ततेचा नियम त्यांनी अपवादासह, पहिल्याच दिवशी, सोप्या शब्दांत व चित्रांत सांगितला: तुम्हांला किंवा दुसऱ्या कोणाला इजा होत असेल तर आम्हांला ते दुसऱ्यास सांगावे लागेल, आणि सांगण्यापूर्वी आम्ही ते तुम्हांला सांगू. पुढचा प्रश्न 'तुला सुरक्षित वाटते ना?' असा नव्हे, तर 'तुझ्या मते काय व्हावे?' असा. हाच प्रश्न २००९ नंतर 'मेकिंग सेफगार्डिंग पर्सनल' या नावाने सरकारी धोरणातही आला. केअर ॲक्टच्या अडुसष्टाव्या कलमाने, चौकशीत स्वतः भाग घेणे ज्यास फार कठीण आहे आणि ज्याच्या बाजूने उभे राहण्यास योग्य असे दुसरे कोणी नाही, त्याला स्वतंत्र प्रतिनिधी देणे बंधनकारक केले. साहाय्यकावरही लक्ष ठेवावे लागते, कारण बंद दाराआडचा एकमेव 'साधा' माणूस तोच असतो. सभासदाकडूनच दुसऱ्या सभासदास त्रास झाला तर काय, या प्रश्नाला मात्र अजून कोणाकडेही समाधानकारक उत्तर दिसत नाही. मंडळातून काढून टाकणे ही शिक्षा, ज्याला दुसरे कोणतेच मंडळ नाही त्याच्या बाबतीत, हद्दपारीइतकी जड होते.

बोलणे आणि रक्षण यांचा संबंध न्यायालयाने कसा पाहिला, याचे एक जोड-उदाहरण येथे दिले पाहिजे. १९८६ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 'ईव्ह' खटला आला. आपल्या प्रौढ बौद्धिक दिव्यांग मुलीचे वंध्यीकरण करण्याची परवानगी आईने मागितली होती. त्या खटल्यात बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्याच एका समितीने मध्यस्थ पक्षकार म्हणून आपली बाजू मांडली. उपचाराची गरज नसताना अशी शस्त्रक्रिया करण्यास न्यायालय पालक म्हणूनही संमती देऊ शकत नाही, असा निकाल झाला. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने एका सतरा वर्षांच्या मुलीबाबत नेमका उलट निर्णय दिला आणि कॅनडाच्या तत्त्वावर टीकाही केली. तेथे तिच्या हिताचा विचार झाला, असे निकालपत्र सांगते. हित म्हणजे काय, हे ठरविताना तिच्यासारख्यांची कोणतीही संघटना समोर नव्हती.

या ठिकाणी महाराष्ट्राचा उल्लेख अपरिहार्य होतो. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या शासकीय गृहातील काही मतिमंद मुलींचे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. पाळीच्या वेळची स्वच्छता आणि अत्याचारातून होणारी गर्भधारणा, ही कारणे समर्थनार्थ पुढे आली. स्त्री-संघटनांनी प्रखर विरोध केला. या युक्तिवादाचा दुसरा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा: शस्त्रक्रियेने अत्याचार थांबत नाही, त्याचा पुरावा तेवढा नाहीसा होतो. १९१३ च्या इंग्रज कायद्यातील त्या स्त्रियांच्या कलमाशी याचे नाते सांगावयास नको. पुढे २००९ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सुचिता श्रीवास्तव प्रकरणात, चंदिगढच्या शासकीय संस्थेत बलात्कारातून गरोदर राहिलेल्या एका प्रौढ मुलीच्या संमतीवाचून तिचा गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय दिला. तिने मूल हवे असे म्हटले होते, आणि ते म्हणणे ग्राह्य धरले गेले.

आपल्याकडील शब्दांचा अभ्यास अजून व्हावयाचा आहे. 'मतिमंद मुलांची शाळा' ही पाटी आपण सर्वांनी वाचली आहे. त्या शाळांतून बाहेर पडलेल्या चाळीस वर्षांच्या गृहस्थांनाही आपण 'मूल' म्हणतो आणि एकेरीत हाक मारतो. 'सांभाळणे' या क्रियापदाचाही विचार व्हावा. 'आम्ही त्याला सांभाळतो' या वाक्यात काळजी आणि ताबा, इंग्रज कमिशनच्या नावातील दोन्ही शब्द, एकाच धातूत बसलेले आहेत; आणि हे वाक्य 'तो आम्हांला सांभाळतो' असे उलटविता येत नाही, निदान ज्यांच्याविषयी ते बोलले जाते त्यांच्या बाबतीत कोणी उलटवीत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सातव्या कलमात अत्याचारापासून संरक्षणाची आणि चौदाव्या कलमात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. दोन्हींत अखेर कोणी तरी कोणाला तरी विचारावयाचे आहे. तो प्रश्न मराठीत कसा विचारावा, 'ना' न जोडता, आदरार्थी बहुवचनात, समोरच्याला 'नाही' म्हणता येईल अशा रीतीने, याचा एकही नमुना आपल्या विभागाच्या संग्रहात नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी अशा मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांतील प्रश्नरचनेचे पृथक्करण करावयास तयार असल्यास, पुढील सत्रारंभी प्रस्तुत लेखकाशी बोलावे.